मातीसकट वजन

गुन्हा केलेल्या माणसानं अपील करावं का? वकिलाला हे विचारलं तर तो हसतो. कायद्यात अपील आहे, त्याला मुदत आहे, मग करायचं, एवढंच त्याचं म्हणणं. गावात मात्र हा प्रश्न निघतोच, आणि निघाला की पारावर दोन तट पडतात. ज्यानं केलंच नाही त्यानं पार दिल्लीपर्यंत जावं, याला कुणाची ना नसते. पण ज्यानं केलंय, साऱ्या गावाला ठाऊक आहे, त्याचं त्यालाही कबूल आहे, त्यानं कुठल्या तोंडानं वरच्या कोर्टात जायचं?

आमच्या भावकीत हा प्रश्न पारावरून उठून घरात आला. नात्यानं पुतण्या लागणाऱ्या एका पोराला गांजाच्या केसमध्ये दहा वर्षं सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड झाला. पोरगा म्हणतो ते सवयीनं, निकाल लागला तेव्हा त्याचं वय अडतीस होतं, दोन लेकरांचा बाप. त्याचं नाव लिहीत नाही, गावाचंही लिहीत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर असली पुष्कळ गावं आहेत, त्यातलं एक धरा.

२०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या भागातली जनावरं छावणीला होती. या पुतण्यानं त्याआधी पाइपलाइन केलेली, तिचं कर्ज सोसायटीचं आणि वर हातउसनं. पाइपलाइन झाली आणि विहिरीनं तळ दाखवला. पुढं पाणी आलं, त्यानं दीड एकर ऊस लावला, पण व्याज उसाच्या पुढं पळत होतं. अशा वेळी जो माणूस दारात येतो तो आला. बी त्याचं, माल उचलायची हमी त्याची, रान तेवढं ह्याचं. ऊस डोक्याच्या वर गेला की आतल्या सरीत काय आहे ते बांधावरनं दिसत नाही. आम्हा भावकीला कळलं ते धाड पडल्यावरच.

धाड पडली २०१४ च्या नोव्हेंबरात, सकाळी सकाळी. गावाला बातमी लागायच्या आत पोलीस उसात शिरलेले. त्रेसष्ट झाडं निघाली. मुळासकट उपटली, सुतळीनं मोळ्या बांधल्या, तालुक्याच्या किराणा दुकानदाराला वजनकाटा घेऊन आणलं होतं, त्याच्या काट्याला एकेक मोळी टांगली. मी बांधावर होतो. दव पडलेलं, पानं ओली, मुळांना धरून चिखलाची ढेकळं लोंबत होती. वजन भरलं एकेचाळीस किलो सातशे ग्रॅम. माझ्या शेजारी एक म्हातारा उभा होता, ज्याचं सगळं आयुष्य कारखान्याच्या काट्यावर भांडण्यात गेलं. तो हळूच म्हणाला, "मातीसकट जोखत्यात की रं."

त्या वेळी ते वाक्य आम्ही हसण्यावारी नेलं. घरातली बाई रडत असताना मातीचं वजन कोण मनावर घेतो? पण पुढं सात वर्षं जे चाललं ते त्या एका वाक्याभोवती चाललं.

कायदा थोडा सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा झाला, कोर्टात सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून शिक्षा वजनावर ठरायला लागली. गांजा एक किलोच्या आत असेल तर अल्प, शिक्षा एक वर्षापर्यंत. वीस किलोच्या वर गेला तर तो व्यापारी. तिथं कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, आणि दंड लाखाच्या खाली नाही. न्यायाधीशाला दया आली तरी दहाच्या खाली उतरायची मुभा नाही. मधल्या वजनाला दहापर्यंत कितीही. झाड लावणं हा आणखी वेगळा गुन्हा, त्यालाही दहापर्यंत, पण तळ बांधलेला नाही. एक वर्ष द्या, पाच द्या, न्यायाधीशाच्या हातात.

आता गांजा म्हणजे काय हेही त्याच कायद्यात लिहिलंय. झाडाचे फुलं किंवा फळं धरलेले शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांची सोबत नसेल तर बी आणि पानं त्यात मोडत नाहीत. खोड आणि मुळं तर त्या व्याख्येत आलेलीच नाहीत. मातीचं विचारूच नका.

म्हणजे एकेचाळीस किलोतला गांजा किती, हे कुणी मोजलंच नव्हतं. वीसच्या वर असेल, खालीही असेल. आणि वीसच्या वर की खाली यावर एका माणसाची दहा वर्षं टांगलेली.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आमचं आयुष्यच वजावटीत गेलं. ऊस घालताना वाढं छाटून द्यायचं, पाचट काढून द्यायचं, यंत्रानं तोडला तर पाचटापोटी वजनातनं कापून घेणार. आलं नेलं तर माती झटकून, धुऊन. कांद्याच्या गोणीला बारदानाचं वजन वजा. सोयाबीन जरा ओलं असेल तर व्यापारी मूठभर हातात घेतो, दाताखाली एक दाणा धरतो आणि क्विंटलमागं किती कापायचं ते तिथंच सांगतो. आमच्याकडून घेताना माती कधी कुणी विकत घेतली नाही. या एकाच मालाला माती धरून जोखलं, कारण इथं जितकं वजन जास्त तितकं देणं आमच्याकडनं निघणार होतं. (हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. धाडीत गेलेला माणूस पावसाचिखलात उभा राहून एकेक शेंडा खुडत बसेल ही अपेक्षा जरा जास्तच आहे. पण नंतर कचेरीत बसून ते करता आलं असतं. कायद्यात दंडाधिकाऱ्यासमोर यादी करून नमुने काढायची रीत सांगितलेली आहे, आणि सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये त्याबद्दल पुन्हा बजावलंसुद्धा.)

खटला तीन वर्षं चालला. जामीन मिळाला नाही. या कायद्यात व्यापारी वजनाला जामीन द्यायचा तर हा माणूस दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे, अशी कोर्टाची खात्री पटावी लागते. गावातला पंच साक्षीला उभा राहिला आणि फितूर झाला. त्याचं त्याला ठाऊक, मी त्याला विचारलं नाही. तालुक्याचा पंच ठाम राहिला. दोन म्हशी विकून केलेल्या वकिलानं एकच बचाव धरला, तो म्हणजे जमीन सामायिक आहे. सात-बाऱ्यावर तीन नावं, पुतण्याचं, वाशीच्या मार्केटात माथाडी असलेल्या त्याच्या थोरल्या भावाचं, आणि म्हाताऱ्या आईचं. झाडं कुणी लावली ते सिद्ध करा.

हा बचाव ऐकून मला तेव्हाच कसंतरी झालं होतं. पण तो बचाव वाईट आहे असं मी म्हणणार नाही. उत्तर प्रदेशातल्या एका शेतकऱ्याला सुप्रीम कोर्टानं २००४ च्या आसपास याच मुद्द्यावर सोडलं. जमीन घरातल्या अनेकांची, त्यानंच लागवड केली याचा पुरावा नाही, आणि असली झाडं आपोआपही उगवतात, असं ते प्रकरण होतं. खरंच आहे. भावकीत बांधावरनं वैर असलं की दुसऱ्याच्या रानात चार झाडं लावून पोलिसांना फोन करणारा माणूस कुठल्याही गावात निघू शकतो. तसल्या डावात सापडलेल्या निरपराध माणसाला हा मुद्दा म्हणजे बुडत्याला दोरी. आमच्या पुतण्याच्या बाबतीत मात्र त्याचा अर्थ एवढाच होत होता की एक बोट मुंबईच्या भावाकडं आणि एक आईकडं. खालच्या कोर्टानं तो बचाव मानला नाही. २०१७ मध्ये शिक्षा झाली.

आणि मग तो अपिलाचा प्रश्न आला.

पहिला विरोध त्याचाच. कळंब्याला मुलाखतीला गेलो तर जाळीपलीकडनं म्हणाला, "आण्णा, म्या केलं ते केलं. आता कोर्टकचेरी पुरं करा. घरात खायला राहिलं पायजे." त्याच्या बोलण्यात दोन गोष्टी एकत्र झालेल्या होत्या. एक पैशाची, एक मनाची. पैशाचं उत्तर सोपं निघालं. तुरुंगात असलेल्या माणसाला, त्याची ऐपत काहीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो, १९८७ चा कायदा आहे तसा. निकालाची प्रत त्याला फुकट मिळते, आणि अपिलाचा अर्ज तो तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडं देऊ शकतो, तिथनं तो कोर्टात जातो. साठ दिवसांची मुदत. मनाचं उत्तर मात्र माझ्याकडं तयार नव्हतं.

लोक एक म्हण सांगतात, शंभर अपराधी सुटले तरी चालतील पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये. वकील सांगतात, सिनेमात सांगतात. पण ही म्हण आमच्या काही कामाची नव्हती. आमचा माणूस निरपराध नव्हता. तो त्या शंभरातला होता. आणि शंभरातल्याच्या बाजूनं बोलायला कुणाकडं म्हण नाही.

जुन्या काळी आमच्याकडं चोरीमारीचा वाद देवळात तुटायचा. संशयिताला बेलभंडारा उचलायला लावायचे. उचलला तर सुटला, हात मागं घेतला तर गुन्हेगार. आमच्या वडिलांनी दोन-तीन वेळा असलं बघितलेलं. मी पुष्कळ दिवस हीच रीत खरी मानत होतो, कारण तिथं माणसाला खरं बोलावं लागतं. पुढं कोर्टाची रीत बघितली. तिथं आरोपीला न्यायाधीश प्रश्न विचारतात, पण शपथ देत नाहीत. त्यानं गप्प राहायचं ठरवलं तर गप्प राहावं. त्याच्याच तोंडानं त्याला अडकवायचं नाही, असं घटनेतच आहे. पहिल्यांदा मला हे लबाडीला मोकळीक दिल्यासारखं वाटलं. मग जेलमधल्या त्याच्या बोलण्यावर विचार करायला लागलो. "म्या केलं" हे खरं. पण काय केलं? त्रेसष्ट झाडं लावली, हे केलं. एकेचाळीस किलो सातशे ग्रॅम गांजा बाळगला, हे त्यानं केलेलं नव्हतं, कारण तितका गांजा तिथं होता का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. देवळात भंडारा उचलायला लावला असता तर गावानं विचारलं असतं, लावलंस का? त्यानं हात मागं घेतला असता, आणि गाव समजलं असतं की आता ह्याला जे काही सांगतील ते मान्य. बेलभंडाऱ्याला माप नसतंय. तिथं हो किंवा नाही. कोर्टाला माप आहे, आणि एकदा माप आलं की ते बरोबर असलं पाहिजे. गुन्हेगाराच्या बाबतीतसुद्धा. उलट गुन्हेगाराच्याच बाबतीत, कारण दुसऱ्या कुणाला तिथं जोखतच नाहीत.

हे मी त्याला पुढच्या मुलाखतीत माझ्या परीनं सांगितलं. म्हणालो, "अपील म्हणजे मी नाही केलं असं म्हणणं नव्हं. कारखान्यानं काटा मारला तर तू ऊस घातलाच नाही असं म्हणतोस का? दुसऱ्या काट्यावर बघूया म्हणतोस." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आईचं आन् दादाचं नाव त्यात घालायचं न्हाई."

ही अट मला मोठी वाटली. अजूनही वाटते. पुढं हायकोर्टात मदत समितीकडून जी वकील मिळाली, तरुण बाई, तिला मी फोनवर ही अट सांगितली. ती म्हणाली, काका, अर्जात सगळे मुद्दे येतील, ते लिहावेच लागतात, एखादा मुद्दा सोडला तर नंतर मीच दोषी ठरेन. पण उभी राहीन तेव्हा वजनावरच बोलेन. म्हणजे कागदावर जमीन सामायिक हा मुद्दा राहिलाच. यावर माझं पूर्ण समाधान झालं नाही. वकिलाचं कर्तव्य आणि आपला शब्द यांत थोडी फट राहते.

त्याच बाईनं मला एक जुनी केस सांगितली, ती इथं सांगण्यासारखी आहे. १९७८ साली सुप्रीम कोर्टात महाराष्ट्र सरकारविरुद्ध एकाचा अर्ज होता. चांगला शिकलेला, विद्यापीठात शिकवणारा माणूस, बनावट पदव्यांच्या प्रकरणात अडकलेला. हायकोर्टानं तीन वर्षं दिली होती. तो सुप्रीम कोर्टात आला चार वर्षं उशिरा, शिक्षा भोगून झाल्यावर, आणि सांगत होता की निकालाची प्रत मला वेळेत मिळालीच नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याचा अर्ज फेटाळला. पण फेटाळताना लिहिलं की कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि लगेच मिळाली पाहिजे, आणि वकील परवडत नसेल तर सरकारनं द्यायला पाहिजे, नाहीतर अपिलाच्या हक्काला अर्थ नाही. आमच्या पुतण्याला जी प्रत हातात मिळाली तिच्यामागं हा एक हरलेला, बनावट पदव्यांच्या केसमधला माणूस उभा होता. मला हे फार विचित्र वाटलं.

आता गावाचं. वकील फुकट मिळाली तरी मुंबईचे हेलपाटे फुकट नव्हते. आता २०२५ च्या ऑगस्टपासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, तेव्हा मुंबईच गाठावी लागायची. शिवाय दंड न भरला तर वरती आणखी एक वर्ष. भावकीनं वर्गणी काढायचं ठरवलं. आणि वरच्या आळीतल्या एका बाईनं माझ्या दारात येऊन मला अडवलं.

तिचा पोरगा आयटीआयला होता. तालुक्याला जाता-येता गांजाच्या नादी लागला, कोर्स सुटला, घरातली भांडी विकण्यापर्यंत गेला. त्यानं ओढला तो आमच्या पुतण्याचा नव्हता, हे नक्की, कारण ह्याचं पीक बाजारात जायच्या आधीच धरलं गेलं. हे तिला मी सांगितलं. ती म्हणाली, "भाऊजी, न्हवता त्याचा. पण धाड पडली नसती तर कुणाच्या पोरानं वढला असता? तुमच्या त्या वजनात माझं पोरगं कुठं धरलंय?"

मी तिला उत्तर दिलं नाही. नंतरही पुष्कळ विचार केला. वकिलाचं उत्तर मला माहीत आहे, की तिच्या पोराचं नुकसान कायद्यानं आधीच त्या दहा वर्षांत धरलेलं आहे, म्हणून तर शिक्षा इतकी जबर. खरं आहे ते. पण तिला ते सांगणं म्हणजे तिच्या पोराची पावती तिच्या हातात देण्यासारखं होतं. कायदा समाजाचं नुकसान धरतो. तिचं नुकसान समाजाचं नव्हतं, तिचं होतं. माझ्यापुरतं मी एवढंच ठरवलं की वर्गणी द्यायची, आणि ती तिच्या मागं द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन सांगितलं की मी दोन हजार देतोय. तिनं चहा विचारला नाही. बरोबर केलं.

तिच्या प्रश्नाला धरून एक गोष्ट मात्र मला बोलायची आहे. बी देणारा, माल उचलणारा तो माणूस कधीच सापडला नाही. पुतण्यानं त्याचं नाव पोलिसांना सांगितलं होतं म्हणे, पण त्याच्याजवळ वजन करायला काहीच नव्हतं. त्याचं रान नाही, सात-बारा नाही, झाड नाही. हा कायदा ज्याच्याजवळ माल त्याला धरतो, आणि त्याच्या मनात गुन्ह्याचा हेतू होता असंही आधीच मानून चालतो, नव्हता हे त्यानं दाखवायचं. ज्याच्याजवळ कधीच माल नसतो तो मोकळा. म्हणून तर सुप्रीम कोर्ट पुन्हा पुन्हा सांगत आलंय की शिक्षा जितकी कडक तितकी झडतीची, मोजणीची रीत काटेकोर पाळली पाहिजे. एवढा मोठा भार एका बाजूला टाकायचा तर काटा तरी सरळ धरावा.

वाल्याची गोष्ट आमच्याकडं कीर्तनात सांगतात. तो बायकोपोरांना विचारतो, माझ्या पापात वाटेकरी होणार का, आणि ती नाही म्हणतात. आमच्या सूनबाईला ही गोष्ट कुणीतरी ऐकवली, टोमणा म्हणून. ती म्हणाली, "मी वाटेकरीणच हाय की. त्या सरीतली भांगलण म्या केलीय." सगळ्यांसमोर म्हणाली. माझी बायको तिला आत घेऊन गेली, असलं बाहेर बोलू नये म्हणून. कायद्यानं तिला कुणी विचारलं नव्हतं आणि विचारलंही नाही. तिनं ती सहा-सात वर्षं दुसऱ्याच्या रानात रोजगार करून दोन पोरं शिकवली. वाटा तिनं असा उचलला.

अपील दाखल झालं. शिक्षा स्थगित करून जामीन द्या असा अर्ज केला, तो नामंजूर झाला. एके काळी या कायद्यात शिक्षा स्थगित करायलाच बंदी होती, ती सुप्रीम कोर्टानं २००० मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात काढली, पण चांगल्या वागणुकीची माफी मिळत नाही ती नाहीच. इतर कैद्यांचे दिवस कमी होताना बघायचे आणि आपले मोजत बसायचे. २०२० मध्ये करोनात तुरुंगातली गर्दी कमी करायला पुष्कळ कैदी बाहेर सोडले, त्यातूनही एनडीपीएसवाले वगळले. त्या उन्हाळ्यात त्याची आई वारली. त्याला कळवलं, यायला मिळालं नाही.

२०२१ च्या सुरुवातीला अपील सुनावणीला निघालं. मी गेलो नाही, गुडघ्यानं आणि करोनानं. वकील बाईनं नंतर सांगितलं ते लिहितो. तिनं पंचनाम्यातलं एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं, की झाडं मुळासकट उपटून मोळ्या बांधून वजन केलं. सरकारी वकिलांनी सांगितलं की झाडांना शेंडे होते, तपासणीच्या अहवालात गांजा असल्याचं आलंय, मग पानं वेगळी काढायची गरज नाही. या मुद्द्यावर उच्च न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत, हे तिनंच मला आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळं आशा धरून बसलो नव्हतो. न्यायमूर्तींनी लागवडीचा गुन्हा कायम ठेवला. त्यात शंका नाही असं म्हणाले. व्यापारी वजन मात्र सिद्ध झालं नाही असं धरलं, त्याची शिक्षा काढून टाकली, आणि लागवडीसाठी भोगली तेवढी कैद पुरेशी मानून दंड पंचवीस हजारांवर आणला. सहा वर्षं तीन महिने झाले होते.

गावात बातमी आली ती "सुटला" अशी. अजूनही लोक तसंच म्हणतात. मी जिथं असेन तिथं सांगतो की बाबांनो, सुटला नाही, दोषी ठरलाय, कागद बघा. त्यालाही हे ठाऊक आहे. आल्यावर पहिल्या आठवड्यात दंडाची पावती दाखवायला आला, आणि माझे दोन हजार घेऊन आला होता. मी घेतले नाहीत. मग तो म्हणाला, "मग त्या वयनींकडं देऊ का?" वरच्या आळीतल्या बाईकडं. मी म्हटलं, तिच्याकडं पैसे घेऊन जाऊ नकोस. जायचं तर रिकाम्या हातानं जा. तो गेला का, मला माहीत नाही. विचारलेलं नाही.

त्या रानात तो आता ऊस लावत नाही. घेवडा, सोयाबीन, हरभरा, असलं गुडघ्याएवढं काहीतरी करतो. तिचा पोरगा सुधारतोय असं म्हणतात, एका गॅरेजात जातो, मध्येच चार दिवस जात नाही. ती बाई शेताला जाताना अजून आमच्या पुतण्याच्या बांधावरनं जात नाही. ओढ्याकडनं वळसा घालून जाते, अर्धा मैल लांब पडतंय.